पाखरं हाकलायला शेतात गॅसची तोफ, झोप उडाली शेजाऱ्यांची : कॅनडातला हा वाद नेमका काय आहे?

सकाळचे साडेसहा. धडाम! पाच मिनिटांनी पुन्हा धडाम! हे असंच दुपारी बारापर्यंत. मग तीन तासांची सुट्टी आणि तीन वाजले की पुन्हा सुरू, ते थेट संध्याकाळी आठपर्यंत. हा प्रकार एखाद्या दिवसाचा नाही. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे अख्खा उन्हाळा.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या फ्रेझर व्हॅली भागात अनेक वर्षांपासून हे चालू आहे. आवाज करणारं यंत्र म्हणजे प्रोपेन कॅनन, आपल्या भाषेत गॅसची तोफ. ब्लूबेरीच्या शेतातली पाखरं हाकलण्यासाठी शेतकरी ती लावतात. आजूबाजूचे रहिवासी म्हणतात की तोफा बंद करा, शेतकरी म्हणतात की मग पीक कसं वाचवू ते सांगा.

वरवर पाहिलं तर हे शहरी विरुद्ध शेतकरी असं जुनंच भांडण वाटतं. पण थोडं खोलात गेलं की वेगळाच प्रश्न समोर येतो. पीक वाचवण्याचा खर्च कुणी करायचा? आणि एखादा आवाज त्रासदायक आहे की नाही, हे कुठल्या मापाने ठरवायचं?

ही तोफ चालते कशी?

नाव तोफ असलं तरी यात गोळा नसतो, छर्रा नसतो. एक सिलेंडर, एक छोटी टाकी, एक नळकांडं आणि टायमर एवढाच संसार. सिलेंडरमधला प्रोपेन गॅस ठरावीक प्रमाणात टाकीत जमा होतो. तो आतल्या कप्प्यात सोडला जातो, हवेत मिसळतो आणि तिथे ठिणगी पडते. गॅसचा एकदम भडका होतो आणि पुढचं लांब नळकांडं त्या आवाजाला आणखी मोठं करतं. बंदुकीचा बार निघावा तसा आवाज येतो.

काही तोफा एका वेळी एकच बार काढतात, काही लागोपाठ दोन-तीन. काही स्टँडवर फिरत्या असतात, म्हणजे प्रत्येक बाराला तोंड वेगळ्या दिशेला. टायमर लावला की माणसाने शेतात थांबायची गरज नाही. एक सिलेंडर बरेच दिवस पुरतो. स्वस्त आणि विनामजुरीचं काम, म्हणून शेतकऱ्यांना ती परवडते.

शेतकऱ्यांना ती लागते कशाला?

फ्रेझर व्हॅलीतल्या ॲबट्सफर्ड, लँगली, पिट मेडोज या गावांभोवती ब्लूबेरीची शेती पसरली आहे. बागेत झुडपांवर वाढणाऱ्या ब्लूबेरीचं कॅनडातलं सर्वात मोठं क्षेत्र याच प्रांतात आहे. यातला एक धागा आपल्या ओळखीचा आहे. इथल्या बेरी उत्पादकांमध्ये पंजाबी कुटुंबांची संख्या मोठी आहे. ॲबट्सफर्डमधला १९११ सालचा गुरुद्वारा आजही उभा आहे, यावरून हे नातं किती जुनं आहे ते कळतं.

ब्लूबेरी एकदम पिकत नाही. एकाच झुडपावर काही फळं निळी झालेली असतात तर काही हिरवीच असतात. त्यामुळे तोडे अनेक करावे लागतात आणि तेवढे आठवडे बाग पाखरांसाठी उघडी राहते. पाखरू अख्खं फळ खाऊन गेलं तर एक फळ गेलं. पण ते चार फळांना चोच मारून जातं. टोचलेल्या फळाला बुरशी लागते आणि असं फळ मालात गेलं तर मालाचा दर पडतो.

यात सर्वात बदनाम पाखरू म्हणजे युरोपियन स्टार्लिंग. आपल्या साळुंकीच्या आणि ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरडीच्या कुळातलंच हे पाखरू. मुळात ते अमेरिका खंडातलं नाहीच. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १८९० आणि १८९१ साली मिळून सुमारे शंभर स्टार्लिंग सोडण्यात आले होते. त्यानंतरच्या काही दशकांत हा पक्षी खंडाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत पसरला. आज त्यांची संख्या कोट्यवधींमध्ये आहे. शेकडोंचा थवा तयार बागेवर उतरला तर काय होतं, हे भोरड्या बघितलेल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

म्हणजे शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. वर्षभराची कमाई सहा-आठ आठवड्यांत ठरते आणि त्याच काळात पाखरं येतात.

मग लोकांचा त्रास किती खरा?

तोफेच्या अगदी जवळ आवाज साधारण १२० ते १३० डेसिबलच्या घरात जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम. एक मीटरवर १२० ते १३० डेसिबल धरले, तर २०० मीटरवरच्या घरापर्यंत तो ७४ ते ८४ डेसिबल उरतो. भर वर्दळीच्या रस्त्याकडेला असतो तेवढा.

फरक इतकाच की रस्त्याचा आवाज सलग असतो. कान आणि मेंदू त्याला सरावतात. तोफेचा बार शांततेत अचानक येतो. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो, छातीत धस्स होतं, स्नायू आखडतात. ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, ‘मनावर घेऊ नका’ म्हणून ती थांबत नाही. त्यात बार नेमका कधी होणार हे माहीत नसलं की माणूस पुढच्या बाराची वाट बघत बसतो. बार झाला तरी त्रास आणि झाला नाही तरी त्रास.

सर्वात जास्त फटका बसतो तो रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यांना, तान्ह्या बाळांच्या आयांना, आजारी माणसांना आणि म्हाताऱ्यांना. कुत्री आणि घोडे बुजतात. त्यात भर पहाटेच्या हवेची. सकाळी जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवा असा थर तयार होतो, तेव्हा आवाज वर न जाता जमिनीकडे वळतो आणि एरवीपेक्षा लांबपर्यंत ऐकू येतो. म्हणून शेतापासून बऱ्याच अंतरावर राहणाऱ्यांचीही तक्रार असते.

नियम नाहीत का?

आहेत. खरं तर भांडणाचं मूळ तिथेच आहे. ब्रिटिश कोलंबियात गेली अनेक वर्षं वापरात असलेल्या मार्गदर्शक सूचनांचा गाभा असा :

– वेळ : सकाळी ६.३० ते दुपारी १२ आणि दुपारी ३ ते रात्री ८. दिवस लहान असेल तर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतच.
– एकेक बार काढणारी तोफ : पाच मिनिटांत एकदाच.
– लागोपाठ बार काढणारी तोफ : तासाला जास्तीत जास्त ११ वेळा, एकूण ३३ बार.
– संख्या : साधारण दोन हेक्टरला एक तोफ.
– अंतर : शेजारच्या घरापासून २०० मीटर.

वाचताना हे सगळं रास्त वाटतं. आता जरा हिशेब करू. दिवसाचे साडेदहा तास, तासाला १२ बार, म्हणजे एका साध्या तोफेचे दिवसाला १२६ बार. लागोपाठ बार काढणारी तोफ असेल तर हाच आकडा ३४६ वर जातो. १० हेक्टरच्या बागेत पाच साध्या तोफा लावल्या तर दिवसाला ६३० बार. यात एकही नियम मोडलेला नाही.

आणि ही झाली एकच बाग. तुमच्या घराच्या तीन बाजूंना तीन शेतकऱ्यांच्या बागा असतील तर? नियम प्रत्येक शेतकऱ्यासाठी वेगळा मोजला जातो. ऐकणाऱ्याचे कान मात्र दोनच. म्हणूनच ‘आम्ही नियम पाळतो’ हे शेतकऱ्याचं म्हणणं आणि ‘आम्हाला घरात बसवत नाही’ हे शेजाऱ्याचं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

लोक कोर्टात का जात नाहीत?

कारण तिथला कायदा शेतकऱ्याच्या बाजूने उभा आहे आणि तो तसा असण्यामागे इतिहास आहे.

ब्रिटिश कोलंबिया डोंगराळ प्रांत आहे. शेतीयोग्य जमीन थोडी, त्यात व्हँकूव्हर शहर पसरत चाललेलं. जमिनीवर इमारती उभ्या राहतील या काळजीने १९७३ साली प्रांताने शेतजमिनीचा राखीव पट्टा ठरवला. आज तो प्रांताच्या जमिनीच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे साधारण ४६ लाख हेक्टर आहे. या जमिनीवर शेतीच करायची, असा त्याचा अर्थ.

पण जमीन राखली तरी शेजार बदलत गेला. शेतांच्या कडेला घरं आली. नव्या रहिवाशांना शेणखताचा वास, ट्रॅक्टरचा आवाज आणि धूळ नको होती. तक्रारी आणि दावे वाढले तर शेती करणंच अवघड होईल, म्हणून १९९६ साली शेतीच्या हक्काचा कायदा आला. त्यानुसार शेतकरी ‘शेतीची नेहमीची पद्धत’ वापरत असेल आणि इतर कायदे पाळत असेल, तर शेजारी त्याच्यावर आवाजाचा किंवा वासाचा उपद्रव म्हणून दावा लावू शकत नाही. गावच्या पालिकेचा आवाजाचा नियमही त्याला अडवू शकत नाही.

मग शेजाऱ्याने जायचं कुठे? त्यासाठी प्रांताचं एक मंडळ आहे, फार्म इंडस्ट्री रिव्ह्यू बोर्ड. तिथे तक्रार करता येते. मंडळ दोन्ही बाजू ऐकतं आणि ही पद्धत नेहमीची आहे की नाही ते ठरवतं. नसेल तर ती बदलण्याचा किंवा बंद करण्याचा आदेश देतं. पण प्रश्न एका शेताचा सुटतो, अख्ख्या गावाचा नाही. शिवाय आसपासचे बहुतेक शेतकरी तोफ वापरत असतील, तर ती ‘नेहमीची पद्धत’ नाही हे पटवणं कठीण जातं.

ब्रिटनमध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे शेतकरी संघटनेनेच आचारसंहिता केली आहे आणि तासाला चारपेक्षा जास्त वेळा तोफ उडवू नका असं त्यात म्हटलं आहे. कॅनडातल्या मर्यादेच्या हा तिसरा हिस्सा. शिवाय १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली स्थानिक परिषद आवाजाची चौकशी करून उपद्रव थांबवण्याची नोटीस काढू शकते. शेतकऱ्यालाही बचाव आहे. आवाज कमी करण्यासाठी शक्य ते सगळे व्यवहार्य उपाय केले, हे त्याने दाखवून द्यायचं. म्हणजे तिथे ‘सगळेच करतात’ एवढं म्हणून भागत नाही.

डेसिबल मीटर लावला की प्रश्न मिटेल?

इथे खरी गंमत आहे. आवाजाच्या मर्यादा बहुतेक वेळा सरासरीत मोजतात. म्हणजे तासभरातला सगळा आवाज एकत्र करून त्याची सरासरी काढायची.

एक उदाहरण घेऊ. घरापाशी तोफेचा आवाज ८० डेसिबल आहे, एक बार सेकंदाचा पाचवा भाग टिकतो आणि तासाला १२ बार होतात असं धरू. म्हणजे ३,६०० सेकंदांपैकी आवाज फक्त २.४ सेकंद. या बारांची तासाभराची सरासरी काढली तर येते सुमारे ४८ डेसिबल. शांत घरात गप्पा चाललेल्या असतात, त्यापेक्षाही कमी.

कागदावर परिसर शांत आणि प्रत्यक्षात माणूस तासाला १२ वेळा दचकतोय. म्हणून रहिवाशांची एक महत्त्वाची मागणी अशी असते की सरासरी बघू नका. एका बाराचा आवाज किती आणि असे बार किती, हे बघा. याचसाठी लोक वेळा लिहून ठेवतात, मोबाइलवर रेकॉर्डिंग करतात, दिवसाला किती बार झाले याच्या नोंदी पालिकेसमोर ठेवतात. ‘खूप आवाज होतो’ ही तक्रार टिकत नाही. ‘अमुक तारखेला सहा वाजून पाच मिनिटांनी पहिला बार झाला’ ही तक्रार टिकते, कारण नियमाप्रमाणे साडेसहाच्या आधी बार होताच कामा नये.

पण पाखरं तरी घाबरतात का?

सुरुवातीला घाबरतात. मग ओळखतात.

तोफ एकाच जागी ठेवली, ठरावीक वेळाने उडवत राहिलं आणि त्यानंतर पाखराला काहीच इजा झाली नाही, तर काही दिवसांतच थवे तिला सरावतात. बार झाला की उडायचं, एक गिरकी घ्यायची आणि पुन्हा त्याच झुडपावर बसायचं. शेतातलं बुजगावणं जुनं झालं की कावळे त्याच्याच डोक्यावर बसतात, तसंच हे.

म्हणून जाणकार नेहमी सांगतात की तोफ एकटी वापरायची नाही. जागा बदला, वेळ बदला, सोबत दुसरा उपाय ठेवा आणि पाखरं खरोखर आली असतील तेव्हाच वापरा. पण हे सगळं करायला माणूस लागतो. आणि तोफ घेतलीच जाते ती माणूस लावायला नको म्हणून. टायमर लावून सोडून दिलेली तोफ शेजाऱ्याला सर्वात जास्त त्रास देते आणि पाखरांना सर्वात कमी घाबरवते. इथे शेजाऱ्याचं आणि शेतकऱ्याचं हित एकच आहे, फक्त भांडणात ते दिसत नाही.

मग पर्याय काय?

जाळी : सर्वात खात्रीचा उपाय. पाखरू आतच येत नाही. पण जाळी, खांब, तारा आणि दरवर्षी लावण्या-काढण्याची मजुरी मिळून खर्च मोठा होतो. यंत्राने तोडणी करणाऱ्या बागेत जाळीची अडचणही होते.

शिकारी पक्षी : फ्रेझर व्हॅलीतले काही बागायतदार ससाणे पाळणाऱ्यांना हंगामापुरतं कामावर बोलावतात. आकाशात ससाणा फिरला की थवे जागा सोडतात, कारण ही भीती खरी असते. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात तर द्राक्षबागांमध्ये तिथल्या रानटी ससाण्यांना वसवण्याचा प्रयोग झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ससाणे असलेल्या बागांमध्ये पाखरांनी तोडून नेलेल्या द्राक्षांचं प्रमाण ससाणे नसलेल्या बागांपेक्षा ९५ टक्क्यांनी कमी होतं. अमेरिकेत मिशिगनच्या चेरीच्या बागांत केस्ट्रल नावाच्या छोट्या शिकारी पक्ष्यासाठी लाकडी घरटी टांगली जातात.

लेझर आणि ड्रोन : आवाज नाही किंवा कमी. पण लेझर भर उन्हात फिका पडतो आणि ड्रोनला चालवणारा लागतो.

यातला एकही उपाय तोफेइतका स्वस्त नाही. पण तोफ स्वस्त का आहे? कारण तिच्या खर्चाचा एक भाग शेतकऱ्याच्या बिलात येतच नाही. तो शेजारी भरतात, झोप मोडून. रहिवाशांच्या मागणीचं सार एवढंच आहे. आणि शेतकऱ्याचं उत्तरही तितकंच बिनतोड असतं. जाळीचा खर्च घातला तर माझी बेरी महाग होईल, मग ती तुम्ही त्या दराने घ्याल का?

आजही प्रांतभर बंदी नाही. वेळ कमी करा, बार कमी करा, अंतर वाढवा आणि जाळीसाठी मदत द्या, याभोवती चर्चा फिरते आहे.

आपल्याकडे याचा काय संबंध?

ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून गोफण फिरवणारी, डबे वाजवणारी राखण अजून अनेकांच्या आठवणीत आहे. राखणीला माणसं मिळेनाशी झाली. सांगली-नाशिकच्या द्राक्षबागांवर जाळ्या आल्या, चमकणाऱ्या रिबिनी आल्या. आणि त्यासोबत आली कार्बाइड गन.

पीव्हीसी पाइपच्या या जुगाडात कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, लायटरची ठिणगी दिली की बार. माकडं आणि पाखरं हाकलायला शेतकरी ती वापरत होते. २०२५ च्या दिवाळीत हीच वस्तू रीलमधून व्हायरल झाली आणि खेळणं म्हणून मुलांच्या हातात गेली. भोपाळ आणि मध्य प्रदेशच्या इतर भागांत शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात लहान मुलं खूप होती. त्यानंतर तिथे बंदीचे आदेश निघाले. म्हणजे कॅनडातली तोफ निदान कंपनीने बनवलेली आणि टायमरवर चालणारी आहे. आपल्याकडची घरगुती तोफ वाजवणाऱ्याच्याच तोंडाशी फुटू शकते.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. त्यात चार प्रकारचे परिसर आहेत : औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शेतजमिनीचा वेगळा प्रकार त्यात नाही आणि या मर्यादाही सरासरीच्याच आहेत. फटाक्यांसाठी मात्र एका बाराचा आवाज मोजणारी वेगळी मर्यादा आहे : फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. म्हणजे अचानक होणारा बार सरासरीत मोजून चालत नाही, हे आपल्या कायद्याने फटाक्यांपुरतं का होईना, आधीच मान्य केलंय.

शहरांच्या कडेने शेतं आणि सोसायट्या एकमेकांना भिडतायत, हे चित्र आपल्यालाही नवं नाही. उद्या अशा एखाद्या बागेत तोफ आली तर फ्रेझर व्हॅलीचा अनुभव दोन गोष्टी सांगतो. नियम एका तोफेचा न करता त्या परिसरात मिळून किती बार होणार याचा करावा लागेल. आणि तोफेऐवजी जाळी लावा असं शेतकऱ्याला सांगायचं असेल, तर जाळीचे पैसे कोण देणार हेही त्याच बैठकीत ठरवावं लागेल.